पंचवीस जणांचा करार : फिलाडेल्फियातील पहिल्या स्वयंसेवी अग्निशामक मंडळाची हकीकत

परस्पर साहाय्यासाठी चार माणसांनी एकत्र यावे, नियम लिहून त्यांवर सह्या कराव्यात, चिटणीस नेमावा, महिन्याची सभा भरवावी आणि सभेस न येणाऱ्यास दंड करावा, हा व्यवहार ज्ञातिसंस्थेच्या घरात वाढलेल्या कोणासही नवा नाही. अशा व्यवहारातून जगाच्या निरनिराळ्या भागांत नाना प्रकारच्या संस्था जन्मास आल्या. कोणी पेढी काढली, कोणी वसतिगृह बांधले, कोणी मृताच्या उत्तरकार्यासाठी निधी जमवला. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी काही गृहस्थांनी १७३६ साली अशीच एक संस्था काढली. तिचे काम एकच होते : कोणाच्या घरास आग लागली असता धावून जाणे. 'युनियन फायर कंपनी' हे तिचे नाव. येथे 'कंपनी' म्हणजे व्यापारी पेढी नव्हे. मंडळी, मेळा, एवढाच अर्थ घ्यावयाचा.

या मंडळाची हकीकत आपल्या स्मरणिकेत देण्यास कारण आहे. केवळ आपल्या सभासदांच्या हितासाठी निघालेली संस्था पुढे साऱ्या गावाची कशी होते, आणि साऱ्या गावाची म्हणवणारी संस्था पुन्हा संकुचित कशी होते, या दोन्ही गोष्टी या एकाच शहराच्या इतिहासात पाहावयास मिळतात.

विल्यम पेन याने फिलाडेल्फिया वसवले ते १६८२ साली. लंडन शहर १६६६ च्या आगीत चार दिवसांत भस्मसात झाल्याची आठवण तेव्हा ताजी होती. त्यामुळे नव्या शहराविषयी आपल्या माणसांना सूचना देताना, प्रत्येक घर आपापल्या आवाराच्या मध्यभागी असावे, भोवती बागा व शेते असावीत, म्हणजे हे नगर कधी जळणार नाही, असे पेनने लिहून ठेवले होते. कागदावरचे नगर आणि माणसांनी राहावयाचे नगर यांत नेहमीच अंतर पडते. व्यापार सारा डेलावेअर नदीच्या काठी. त्यामुळे ज्याला त्याला धक्क्याजवळ घर व वखार हवी. विस्तीर्ण आवारांचे तुकडे पडले, मध्ये गल्ल्या निघाल्या, भिंतीला भिंत लागली. थंडी कडक, म्हणून घरोघरी शेगडी व धुराडे, जळण लाकडाचे. धुराड्यात काजळी साचली की ती पेट घेई आणि ठिणग्या शेजारच्या छपरावर जात.

१६९६ साली तेथील विधिमंडळाने यावर कायदा केला. धुराडे साफ न ठेवल्यामुळे ते पेटले तर घरमालकास दंड. प्रत्येक घरी चामड्याच्या दोन बादल्या आणि धुराडे पुसण्यास लांब दांड्याचा बोळा असलाच पाहिजे. रस्त्यात तंबाखू ओढणाऱ्यास बारा पेन्स दंड, आणि त्या दंडाच्या पैशातून आग विझविण्याचे सामान घ्यावयाचे. चिलमीच्या धुरावर बंब विकत घेण्याची ही युक्ती मोठी मासलेवाईक म्हटली पाहिजे. चामड्याच्या बादल्यांचे मात्र नवल वाटावयास नको. ज्यांनी विहिरीवर मोट चालताना पाहिली आहे त्यांना पाणी आणि चामडे यांचा संबंध सांगावा लागत नाही. लाकडी बादली हातातून सुटून आपटली की फुटे आणि कोरडी पडली की गळे. चामड्याची बादली तिसऱ्या मजल्यावरून खाली फेकली तरी शाबूत राही.

आग लागली म्हणजे गावातले लोक विहिरीपासून किंवा नदीपासून जळत्या घरापर्यंत दोन रांगा करीत. एका रांगेतून भरलेल्या बादल्या हातोहात पुढे जात, दुसरीतून रिकाम्या परत येत. रिकाम्या बादल्यांची रांग बहुधा स्त्रिया व मुले सांभाळीत. पुढे बंब आला तरी ही रांग सुटली नाही, कारण त्या काळचा बंब म्हणजे एक लाकडी हौद आणि त्यात बसवलेला हातपंप. हौद बादल्यांनीच भरावयाचा. दोन्ही बाजूंच्या दांड्यांवर माणसांनी वरखाली जोर करावयाचा आणि एकाने तोटी धरून धार नेमकी आगीवर सोडावयाची. काही मिनिटांत माणसे दमत, मग दुसरी फळी पुढे येई. (जाता जाता सांगण्यासारखे म्हणजे आपला 'बंब' हा शब्दही पंप या अर्थाच्या 'बोंबा' या पोर्तुगीज शब्दावरून आलेला आहे. न्हाणीघरातला बंब पाणी तापवतो आणि रस्त्यावरचा आग विझवतो. मराठीने एकाच नावावर दोघांनाही सांभाळून घेतले.)

१७३० च्या एप्रिल महिन्यात फिलाडेल्फियात फिशबर्नच्या धक्क्याजवळील वखारीस आग लागली. धक्क्यावरील वखारी जळाल्या, आग रस्ता ओलांडून पलीकडच्या घरांना लागली आणि मालाची मोठी हानी झाली. त्या रात्री वारा फारसा नव्हता. चांगले बंब आणि हत्यारे हाताशी असती तर आग इतकी पसरलीच नसती, असे लोक बोलत होते, आणि ते बोलणे 'पेनसिल्व्हेनिया गॅझेट' या पत्रात छापूनही आले. शहराने मग बंब, बादल्या, शिड्या आणि जळते छप्पर ओढून पाडण्याच्या लांब आकड्या मागवल्या. पण सामान आले म्हणून व्यवस्था आली असे होत नाही. बंब कोणी ओढावा, दांडे कोणी मारावेत, आकड्या कोणाच्या हाती असाव्यात, हे ठरलेले नव्हते. आगीच्या वेळी गर्दी पुष्कळ होई. त्या गर्दीत हुकूम सोडणारे अनेक, ऐकणारा एकही नाही, आणि घरातले सामान बाहेर काढणाऱ्यांत चोर कोण व साव कोण हे ओळखण्यास मार्ग नाही.

'पेनसिल्व्हेनिया गॅझेट'चा मालक व संपादक बेंजामिन फ्रँकलिन हा होता. विजेवरील प्रयोगांमुळे आणि अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातील कामगिरीमुळे त्याचे नाव आपल्याकडील शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. पण त्या वेळी तो तिशीही न गाठलेला छापखानेवाला होता. जन्म बोस्टनचा, बाप मेणबत्त्या व साबण करणारा. १७११ साली बोस्टनला मोठी आग लागली तेव्हा फ्रँकलिन पाच वर्षांचा होता. त्या शहरातील काही गृहस्थांनी १७१७ च्या सुमारास आगीच्या वेळी एकमेकांचे सामान वाचविण्यासाठी एक मंडळ काढले होते. त्या मंडळातील सभासद पलंगाचे सांधे सोडविण्याची किल्ली जवळ बाळगीत. पलंग ही त्या काळी घरातील फार किमती वस्तू असे, आणि ती न मोडता दारातून बाहेर निघत नसे.

१७३५ च्या फेब्रुवारीत फ्रँकलिनने आपल्याच पत्रात एक पत्र छापले. लेखक म्हणून एका वृद्ध नागरिकाचे सोंग घेतले होते. तरुणाचा उपदेश गावाला रुचत नाही हे त्याला पुरते ठाऊक होते. रोग बरा करण्यापेक्षा तो होऊ न देणे अधिक वजनाचे, या अर्थाचे जे इंग्रजी वचन आज डॉक्टरांच्या तोंडी ऐकू येते, ते या पत्रामुळे प्रसिद्धीस आले, आणि तेथे ते रोगाविषयी नसून आगीविषयी आहे. पत्रातील सूचना अगदी घरगुती आहेत. फावड्यात धगधगते निखारे घेऊन एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, जिन्यावरून वरखाली जाऊ नका. नेणेच झाले तर झाकण असलेल्या भांड्यातून न्या. चुलाण्याभोवती लाकडी पट्ट्या ठोकू नका. धुराडी साफ करणाऱ्यांना शहराने परवाना द्यावा, म्हणजे काम वाईट झाल्यास जबाबदार कोण ते कळेल. आपल्या खेड्यांतूनही शेजारणीकडून गोवरीवर विस्तव मागून आणण्याची चाल पुष्कळ दिवस होती; वाटेत वाऱ्याने उडालेल्या एका ठिणगीने गवताच्या गंजी गेल्याच्या कथा वडीलधारी माणसे सांगत. म्हणून या सूचना वाचताना ते शहर फारसे परके वाटत नाही.

या पत्राच्या उत्तरार्धात त्याने मुख्य गोष्ट सांगितली. बोस्टनमध्ये प्रत्येक बंबामागे कर्त्या माणसांचे एक मंडळ आहे. आग लागली की बंबाबरोबर त्यांनी हजर व्हावयाचे, दर तीन महिन्यांनी बंब चालवून पाहावयाचा आणि तो नीट ठेवावयाचा. कोणी आकडी धरावी, कोणी कुऱ्हाड, हेही ठरलेले. असे आपल्याकडे का नसावे?

या पत्रानंतर दीड वर्षाहून अधिक काळ गेला. १७३६ च्या नोव्हेंबरच्या २१ तारखेस फ्रँकलिनचा चार वर्षांचा मुलगा फ्रान्सिस देवीच्या साथीत गेला. देवी टोचण्याची त्या काळची पद्धत बापाला मान्य होती. तिची शिफारस तो इतरांना करी. पण या मुलाला टोचून घेण्याचे राहून गेले होते. त्याची खंत म्हातारपणी लिहिलेल्या आत्मचरित्रातही त्याने नमूद केली आहे. त्या मृत्यूनंतर सोळा दिवसांनी, म्हणजे ७ डिसेंबर १७३६ रोजी, युनियन फायर कंपनीच्या करारावर सह्या झाल्या. या दोन तारखांचा संबंध फ्रँकलिनने स्वतः कोठे जोडलेला नाही, म्हणून आपणही तो ओढून जोडू नये. पण घरात असे दुःख असताना सार्वजनिक कामाची बैठक त्याने पुढे ढकलली नाही, एवढे मात्र तारखांवरून दिसते.

हा करारनामा उपलब्ध आहे आणि संस्थांच्या घटना वाचण्याची ज्यांना आवड आहे त्यांनी तो जरूर मिळवून वाचावा. सभासद पंचविसांहून अधिक नसावेत. प्रत्येकाने स्वतःच्या खर्चाने चामड्याच्या दोन बादल्या आणि जाड कापडाच्या चार पिशव्या तयार ठेवाव्यात. पिशवीला कापड किती लागावे आणि तोंडाशी ओढून बांधण्याची दोरी कशी असावी, हेही लिहिले आहे. बादल्या व पिशव्यांवर मालकाच्या नावाची आद्याक्षरे घालावीत आणि त्यांचा दुसऱ्या कोणत्याही कामासाठी उपयोग करू नये, केल्यास दंड. हे शेवटचे कलम लिहिणारा संसारी मनुष्य असला पाहिजे. आगीसाठी म्हणून बाजूला ठेवलेली बादली घोड्याला पाणी दाखवण्यास आणि पिशवी दळण आणण्यास जाणार, हे त्याने पुरते ओळखले होते.

सभासदाच्या घरी किंवा घराजवळ आग लागल्याचे कळताच सर्वांनी बादल्या व पिशव्या घेऊन तत्काळ जावे. धोक्यात असलेल्या सभासदाचे सामान पिशव्यांत भरून सुरक्षित जागी पोचवावे. एकाच वेळी दोन सभासदांवर प्रसंग आला तर आपली शक्य तितकी समान वाटणी करून दोघांना मदत करावी. दोन सभासदांनी सतत दाराशी उभे राहावे, म्हणजे संशयित माणसे आत शिरणार नाहीत व सामान पळविणार नाहीत. जळत्या घरातून जो वासा निघेल तो आपला, असे आपण म्हणतो; पण तो वासा आपलाच राहील याची व्यवस्था या दोन दारवानांनी केली.

सभा दर महिन्याच्या शेवटच्या सोमवारी, संध्याकाळी. न येणाऱ्यास एक शिलिंग दंड. सभेत जो खाण्यापिण्याचा खर्च होईल तो हजर सभासदांनी द्यावा. चिटणिसाचे काम सह्यांच्या क्रमाने एकेक महिना प्रत्येकाकडे. त्याने घरोघर जाऊन बादल्या व पिशव्या तपासाव्यात, सभेत अहवाल द्यावा आणि दंड वसूल करावा. चिटणीसपद फिरते ठेवण्यात मोठा धोरणीपणा आहे. आज जो दुसऱ्याच्या बादलीत दोष काढील, त्याची बादली पुढील महिन्यात दुसरा कोणी पाहणार. त्यामुळे तपासणी कडक राहिली तरी कटुता येत नसे. पदासाठी चुरस नाही आणि पदाचा कंटाळाही नाही. आपल्या संस्थांतून एकाच उत्साही गृहस्थाच्या गळ्यात चिटणिसकी वर्षानुवर्षे पडते आणि ते थकले की संस्थाही थकते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या कलमाचे मोल कळेल.

आणखी एक कलम विशेष सांगण्याजोगे आहे. सभासद मृत्यू पावल्यास त्याच्या विधवेला, ती वैधव्यात असेपर्यंत, पती हयात असता जशी मदत मिळाली असती तशीच मदत मंडळाने द्यावी. अट एवढीच की तिने बादल्या व पिशव्या घरी तयार ठेवाव्यात. म्हणजे तिला मदत मिळावयाची ती दया म्हणून नव्हे, तर घरची बादली जागेवर ठेवणारी हक्कदार म्हणून. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात छापखानेवाले, व्यापारी व कारागीर यांनी एकत्र बसून हे लिहावे, याचे कौतुक वाटते.

आता या कराराचा मूळ हेतू नीट ध्यानात घ्यावयास हवा. हा करार सही करणाऱ्यांपुरता होता. आग कोणाच्याही घरी लागो, धावावयाचे ते सभासदाच्या घरी. वाचवावयाचे ते सभासदाचे सामान. यासाठी त्या माणसांना स्वार्थी म्हणणे अन्यायाचे होईल. बादलीभर पाणी आणि पंचवीस माणसे यांच्या बळावर सारे शहर वाचविण्याची प्रतिज्ञा करणे म्हणजे पोकळ बडबड झाली असती. जेवढे पेलेल तेवढेच त्यांनी पत्करले, आणि जेवढे पत्करले तेवढे दंडाच्या कलमासह पत्करले. आपल्या बहुतेक ज्ञातिसंस्थांचा आरंभही असाच झाला. आपल्या मुलांची फी, आपल्या विधवांचा चरितार्थ, आपल्या परगावच्या विद्यार्थ्यांची राहण्याची सोय, एवढेच पहिल्या कार्यकर्त्यांनी डोळ्यांपुढे ठेवले. लहान वर्तुळ आखल्याशिवाय काम उभेच राहत नाही.

परंतु आगीचा एक गुण असा की ती सभासदांची यादी वाचत नाही. सभासद नसलेल्या शेजाऱ्याचे घर पेटले आणि आपण पिशव्या हातात धरून सभासदाच्या दाराशी उभे राहिलो, तर थोड्याच वेळात सभासदाचेही घर पेटणार. शेजाऱ्याची आग शेजाऱ्याच्या घरीच विझवणे यातच सभासदाचे खरे हित, हे त्या मंडळींना अनुभवाने कळत गेले. पुढे करारनाम्यात सुधारणा झाली आणि एक नवे कलम आले. त्याचा आशय असा : हे मंडळ सर्वांच्या हितासाठी आहे, म्हणून शहराच्या कोणत्याही भागात आग लागली, आणि आपल्यापैकी कोणाच्या घराला किंवा मालाला काडीचाही धोका नसला, तरीही आपण सर्वांनी बादल्या, पिशव्या व बंब घेऊन तेथे जावे आणि ज्या नागरिकांना गरज असेल त्यांना ते आपल्याच मंडळातील आहेत असे समजून मदत करावी.

सबंध हकीकतीत माझ्या मते हे एक कलम सर्वांत मोलाचे आहे. त्यात सभासद व बिगरसभासद हा भेद काढून टाकलेला नाही. सभासदत्व कायम, दंड कायम, चिटणिसाची तपासणी कायम. फक्त संकटाच्या घटकेपुरते समोरच्याला आपला मानावयाचे. वर्तुळ पुसले नाही, त्याचे दार उघडले.

मंडळाची कीर्ती झाली तसे आत येऊ इच्छिणारे वाढले. सभासदसंख्या तीसपर्यंत नेण्यात आली, पण त्यापुढे नाही. उरलेल्यांना, तुम्ही आपले निराळे मंडळ काढा, असे सांगण्यात आले. त्याप्रमाणे 'फेलोशिप', 'हँड-इन-हँड', 'हार्ट-इन-हँड', 'फ्रेंडशिप' अशी मंडळे १७३८ पासून पुढच्या दहा वर्षांत निघाली. हातात हात, हातात हृदय, स्नेह, बंधुभाव, अशी ही नावे वाचताना आपल्याकडील मित्रमंडळांची आठवण होते. दंडाच्या पैशातून बंब, शिड्या आणि आकड्या आल्या. सभा चुकविणाऱ्यांच्या शिलिंगांनी शहराची घरे वाचवली, असे म्हटले तर ते थट्टेचे बोलणे होणार नाही. फ्रँकलिनने स्वतःच दंडाच्या या विनियोगाची नोंद केली आहे. मंडळे निघाल्यापासून एका आगीत एकदोन घरांपेक्षा अधिक घरे शहराने गमावली नाहीत, असेही तो अभिमानाने लिहितो.

मंडळाच्या सभांतील एक प्रसंग त्याने फार रंगवून सांगितला आहे. १७४७ च्या सुमारास फ्रान्स व स्पेन यांच्याशी इंग्लंडचे युद्ध चालू होते आणि नदीतून शत्रूची जहाजे येतील अशी भीती होती. फिलाडेल्फियात क्वेकर पंथाचे लोक पुष्कळ. त्यांना शस्त्र वर्ज्य. तटबंदीसाठी तोफा घ्याव्यात म्हणून एक लॉटरी निघाली. युनियन मंडळाजवळ साठ पौंड शिल्लक होते; ते या लॉटरीत घालावेत अशी सूचना आली. नियमाप्रमाणे निर्णय पुढील सभेवर गेला. तीस सभासदांपैकी बावीस क्वेकर, बाकीचे आठ. हे आठजण वेळेवर हजर झाले. क्वेकरांपैकी जेम्स मॉरिस हे एकटेच आले आणि त्यांनी कडकडून विरोध केला; आमचे सर्व बांधव विरुद्ध आहेत, ते येतीलच, थोडे थांबा, असे ते म्हणत राहिले. इतक्यात खाली दोन गृहस्थ भेटावयास आल्याची वर्दी फ्रँकलिनला मिळाली. ते दोघेही क्वेकर सभासद होते. त्यांनी कानात सांगितले, आम्ही आठजण जवळच्या खाणावळीत बसलो आहोत. मते कमी पडली तर येऊन तुमच्या बाजूने देतो, पण शक्यतो बोलावू नका, कारण आमच्या वडीलधाऱ्यांत बोभाटा होईल. फ्रँकलिन वर येऊन मोठ्या उदारपणे म्हणाला, अजून तासभर थांबू. तासभरात विरोध करणारा एकही आला नाही आणि ठराव आठ विरुद्ध एक असा मंजूर झाला.

सभेपूर्वी फ्रँकलिनने आपल्या एका मित्राजवळ दुसरीही तोड काढून ठेवली होती. हा ठराव पडलाच तर त्याच पैशात आगीचे यंत्र घेण्याची सूचना मांडावयाची. तिला क्वेकर हरकत घेणार नाहीत. मग खरेदीच्या समितीवर तुम्ही माझे नाव सुचवा, मी तुमचे सुचवतो, आणि आपण एक मोठी तोफ घेऊन येऊ. तीही आगीचेच यंत्र आहे! सार्वजनिक संस्थांतून वावरलेल्या वाचकांना यातील विनोद अधिक फोड करून सांगण्याची गरज नाही. जातीची वा पंथाची शिस्त एक, आणि त्यातील माणसाचे मन दुसरे, हेही त्यातून दिसते.

सामान वाचले तरी घर गेले तर काय, हा प्रश्न उरलाच होता. त्यातून १७५२ साली घरांच्या विम्याची परस्पर साहाय्यक संस्था निघाली. तिच्यामागेही युनियन मंडळच होते. 'फिलाडेल्फिया कॉन्ट्रिब्यूशनशिप' हे तिचे नाव. एकमेकांचे मनगट धरलेले चार हात ही तिची खूण, शिशात ओतून विमा उतरलेल्या घरांवर लावली जाई. ही संस्था आजही चालू आहे. तिने पुढे घराजवळ झाडे असलेल्यांचा विमा नाकारला. झाडांमुळे आग विझविण्यास अडचण होते हे कारण. तेव्हा वृक्षप्रेमी लोकांनी १७८४ साली आपली निराळी विमासंस्था काढली आणि हिरवे झाड ही तिची खूण केली. मतभेद झाला की दुसरी संस्था काढणे हा आपलाच गुण आहे अशी आपली समजूत असते; ती तितकी खरी नाही.

१७८८ साली आत्मचरित्राचा हा भाग लिहिताना फ्रँकलिन ब्याऐंशी वर्षांचा होता. युनियन मंडळ भरभराटीत आहे, मात्र पहिल्या सभासदांपैकी मी आणि माझ्याहून एका वर्षाने मोठा असलेला दुसरा एक, एवढे दोघेच उरलो आहोत, असे त्याने लिहून ठेवले.

यानंतरची हकीकत इतकी गोड नाही. १८०१ मध्ये शहरात वाफेच्या पंपाने नळाचे पाणी आले, रस्त्यांतून पाण्याच्या तोट्या बसल्या, आणि १८०३ साली काही तरुणांनी चामड्याच्या नळ्या वापरणारे पहिले मंडळ काढले. बादल्यांच्या रांगा संपल्या. त्याबरोबर त्या रांगांत उभा राहणारा सारा गावही बाजूला सरला. आग विझविणे हे आता धट्ट्याकट्ट्या तरुणांच्या टोळ्यांचे काम झाले. बंबांवर चित्रे व सोनेरी नक्षी आली, मिरवणुका निघू लागल्या. तोटीपाशी आधी कोण पोचतो यावरून मारामाऱ्या होऊ लागल्या, आणि पुढे तर मंडळामंडळांतील दंगे ही शहराची नित्याची डोकेदुखी झाली. अमुक मंडळ अमुक वस्तीचे, तमुक अमुक देशातून आलेल्यांचे, अशी वाटणी झाली.

१८१८ साली फिलाडेल्फियातील स्वतंत्र कृष्णवर्णीयांनी आपले अग्निशामक मंडळ काढण्याचा विचार केला. फ्रँकलिनच्या पिढीने बाहेरच्यांना हेच सांगितले होते : तुम्ही आपले निराळे काढा. पण या वेळी गोऱ्या मंडळांनी एकत्र सभा घेऊन विरोध केला. दंगल होईल या भीतीने कृष्णवर्णीयांतील पुढाऱ्यांनीच तरुणांना आवरले आणि ते मंडळ उभे राहण्याआधीच मोडले. ज्यांना आपल्यात घ्यावयाचे नाही त्यांना वेगळेही उभे राहू द्यावयाचे नाही, ही वृत्ती आपणांस अपरिचित आहे असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. आपल्याकडील कित्येक गावांत विहिरी व पाणवठे यांवरून जे घडले ते पुष्कळांनी ऐकलेले आहे, काहींनी पाहिलेले आहे.

त्यानंतर वीस वर्षांनी, गुलामगिरीच्या विरोधकांनी सभांसाठी बांधलेले 'पेनसिल्व्हेनिया हॉल' १४ मे १८३८ रोजी खुले झाले आणि १७ मेच्या रात्री जमावाने ते पेटवून दिले. अग्निशामक मंडळे आली. त्यांनी भोवतालच्या इमारतींवर पाणी मारले आणि सभागृह जळू दिले. समोरचा मनुष्य आपल्याच मंडळातील आहे असे समजून मदत करावी, हे कलम ज्या शहरात लिहिले गेले होते, त्याच शहरात हे घडले. बंब होते, नळ्या होत्या, पाणी होते, माणसेही होती.

स्वयंसेवकांच्या मंडळांवरील लोकांचा विश्वास अशा प्रसंगांनी आणि रोजच्या दंग्यांनी उडत गेला. १८५३ साली सिनसिनाटी शहराने वाफेचे बंब, घोडे व पगारी माणसे यांचे दल उभारले. बंबाचे दांडे वाफ मारू लागल्यावर शेकडो हातांची गरज उरली नाही, आणि त्या हातांबरोबर येणारे भांडणही नको झाले. न्यू यॉर्कने १८६५ मध्ये तोच मार्ग धरला. फिलाडेल्फियाने त्यांहून अधिक काळ आपली मंडळे जपली, पण मार्च १८७१ मध्ये तेथेही पगारी दल कामावर आले आणि युनियन मंडळापासून चालत आलेली परंपरा शहरापुरती संपली.

लहान गावांतून मात्र ती संपली नाही. अमेरिकेत आजही दर तीन अग्निशामकांपैकी सुमारे दोघे स्वयंसेवक आहेत. दिवसा ते दुकान, शेत किंवा शाळा सांभाळतात. भोंगा झाला की हातातले काम टाकून बंबाकडे धावतात.